अपशिंगे मिलिटरीचा स्तंभ: आकडा आणि नावं

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाची दोन गावं आहेत. एक कोरेगाव तालुक्यात, दुसरं सातारा तालुक्यात, नागठाणे-बोरगावच्या टापूत, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. या दुसऱ्या गावाच्या नावापुढे कंसात ‘मिलिटरी’ असं लिहितात आणि बोलतानाही ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. युद्ध संपल्यावर इंग्रज सरकारनं त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ उभारला. गावची शाळा, सोसायटी, दूध डेअरी, तरुण मंडळ यांचे इतिहास लिहिले जातात, तसाच या स्तंभाचाही लिहायला हवा. त्याला संस्था कसं म्हणायचं, असं कुणी विचारील. ज्याच्याभोवती पिढ्यान् पिढ्या माणसं जमतात, ज्याच्या साक्षीनं पोरं भरतीला निघतात आणि ज्याची जबाबदारी बापाकडून मुलाकडे येते, त्याला संस्था नाही तर काय म्हणायचं?

हा इतिहास स्तंभाच्या आधीपासून सुरू होतो. १९१४ साली लढाई पेटली तेव्हा सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव हा पलटणींना माणसं पुरवणारा जुना मुलूख होता. १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली शिपायांची पलटण पुढे ‘जंगी पलटण’ म्हणून गाजली आणि तिच्यासारख्या पलटणींत घराण्याचं नाव लावून पोरगा दाखल होणं इथं नवं नव्हतं. शिवकाळाचा वारसा आपण अभिमानानं सांगतो आणि तो सांगायलाच हवा. पण भरतीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पोराच्या पाठीमागे घरची अडचणही उभी असे. कोरडवाहू रान, भावाभावांत तुकडे होत गेलेली जमीन, १८९६ नंतर मुंबई इलाख्यात वर्षानुवर्षं फिरत राहिलेला प्लेग. पायदळाच्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. आज तो आकडा किरकोळ वाटेल, पण सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या घराला दर महिन्याला येणारा रोख पैसा म्हणजे जगण्याचा आधार होता. पराक्रम आणि पोट या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात. एक सांगून दुसरी झाकली की त्या माणसावर अन्याय होतो.

त्या काळात भरतीचा प्रश्न राजकारणातही पेटलेला होता. लोकमान्य टिळकांचा सैन्यभरतीला विरोध नव्हता, पण लढायला माणसं हवीत तर त्यांना स्वराज्याचे हक्क आणि अधिकारपदंही द्या, अशी त्यांची मागणी होती. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्ध परिषदेत ते हे बोलू लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवलं आणि टिळक सभा सोडून बाहेर पडले. आपल्या गावांतून गेलेल्या शिपायाला तेव्हा फार तर सुभेदार-मेजरपर्यंत चढता येत असे. हिंदी माणसाला बादशाही कमिशन, म्हणजे गोऱ्यांसारखं पूर्ण अधिकारपद, मिळायला नुकती कुठे सुरुवात झाली होती. रक्त सारखंच सांडत होतं आणि मान मात्र चामडीच्या रंगावर ठरत होता. पुढे स्मारकांच्या दगडांवरही हाच भेद उतरला.

साताऱ्याच्या भरतीचा मोठा ओघ मराठा पलटणींकडे होता आणि मराठा पलटणींचं पहिलं महायुद्ध म्हणजे मुख्यतः मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. बसऱ्याजवळ शैबा इथं एप्रिल १९१५ मध्ये मोठी लढाई झाली. तिथून फौज तैग्रिस नदीच्या काठानं बगदादच्या रोखानं वर सरकत गेली. नोव्हेंबरात टेसिफोनला तिला जबर फटका बसला आणि जनरल टाउनशेंड उरलेले सैनिक घेऊन मागे कुत-अल-अमारा या गावात आला. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढा घातला.

कुतचा वेढा जवळपास पाच महिने चालला. मराठी घरांत पानिपत ठाऊक असतं, वडगावची लढाई ठाऊक असते, पण कुत ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. तिथं आपली माणसं महिनोन् महिने भुकेनं झिजत होती. नदीच्या वळणात वसलेलं ते गाव हिवाळ्यातल्या पावसात पाण्यानं घेरलं गेलं आणि खंदक चिखलानं भरले. पिठाचा शिधा आठवड्यागणिक कमी होत शेवटी मुठीवर आला. तोफखान्याची आणि ओझ्याची जनावरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं, पण हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही. खाल्लं तर गावात परतल्यावर पंगतीला कोण बसवून घेईल, ही धास्ती होती. हिंदुस्थानातून धर्ममार्तंडांच्या परवानगीच्या तारा मागवाव्या लागल्या. तोवर हिरड्या सुजून रक्त येण्याच्या रोगानं शेकडो जण अंथरुणाला खिळले होते. वेढा फोडण्यासाठी खालून आलेल्या फौजेनं एकामागून एक हल्ले केले. त्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसं मारली गेली किंवा जखमी झाली आणि वेढा काही फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कुतनं शरणागती पत्करली. साधारण १३,००० माणसं कैद झाली. त्यांतली बहुसंख्य हिंदी होती. अर्धपोटी, आजारी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. पुढे कित्येकांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. वाटेत पडला तो तिथंच राहिला. त्याची कुणी कबर बांधली नाही आणि कुणी अग्नीही दिला नाही.

मराठा पलटणींची कहाणी कुतला संपली नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये, तुर्कांशी चाललेलं युद्ध संपायला आठवडाही उरला नसताना, शर्कातच्या लढाईत ११४ व्या मराठा पलटणीनं जी झुंज दिली तिच्यासाठी तिला २८ शौर्यपदकं मिळाली. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात शर्कातचं युद्धस्मारक आजही आहे. ११७ व्या पलटणीला मेसोपोटेमियातल्या कामगिरीबद्दल १९२१ साली ‘रॉयल’ हा किताब मिळाला. १९२२ च्या फेररचनेत या पलटणी एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली.

घरी मात्र १९१८ साल वेगळंच चाललं होतं. पावसानं दगा दिला, महागाई भडकली आणि पावसाळा सरता सरता इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात गावंच्या गावं आडवी करत गेली. सुटून आलेल्या कित्येक शिपायांना घरची माणसं गेलेली दिसली. ज्यांचं माणूस परदेशात मेलं त्यांना मृतदेह दिसला नाही, अस्थी मिळाल्या नाहीत, तिथीही नेमकी ठाऊक नव्हती. मिळाला तो कागद, पेन्शन आणि ब्राँझची एक वाटोळी चकती. साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची ही चकती साम्राज्यातल्या मृत सैनिकांच्या वारसांना पाठवली गेली. तिच्यावर सैनिकाचं नाव उठावाच्या इंग्रजी अक्षरांत असे, हुद्दा मात्र नसे. सुभेदार असो की शिपाई, नाव तेवढं एकच. वाचता न येणाऱ्या घरात त्या अक्षरांवरून बोट फिरवणं एवढंच शक्य होतं.

युद्धानंतर सरकारनं ज्या गावांतून भरती जास्त झाली तिथं दगड बसवले. पंजाबपासून कोकणापर्यंत असे दगड आजही सापडतात. चावडीच्या भिंतीत, देवळाच्या आवारात, शाळेच्या दर्शनी बाजूला. मजकूर जवळपास ठरलेला: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे आणि बाकी काही नाही. इंग्लंडमधल्या खेड्यांत त्याच वर्षांत स्मारकं उभी राहिली, ती गावकऱ्यांनी वर्गणी काढून आणि मेलेल्या प्रत्येक पोराचं नाव कोरून. आपल्या खेड्यांना आकडा मिळाला. साम्राज्याला पुढच्या भरतीसाठी गावाची पाठ थोपटायची होती आणि तेवढ्यासाठी आकडा पुरेसा होता. शोक करायला मात्र नाव लागतं.

परदेशातल्या मोठ्या स्मारकांवरही हाच फरक दिसतो. फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथं १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि कबर नसलेल्या साडेचार हजारांहून अधिक हिंदी सैनिकांची नावं एकेक करून कोरली आहेत. बसऱ्याचं स्मारक १९२९ सालचं, मेसोपोटेमियातल्या ४०,००० हून अधिक मृतांसाठी. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीचं नाव आणि पुढे संख्या. मराठा पलटणींचा मोठा खर्च मेसोपोटेमियातच झाल्यामुळे ही उपेक्षा मराठी घरांच्या वाट्याला जास्त आली. या स्मारकांची जबाबदारी असलेल्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच इतिहासाची चौकशी करून अहवाल दिला. पहिल्या महायुद्धातल्या अंदाजे ४५,००० ते ५४,००० हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन मृतांचं स्मरण इतरांच्या बरोबरीनं झालं नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावानं नोंदच झाली नाही किंवा मुळीच स्मरण झालं नाही, असं त्यात कबूल केलं. माफीही मागितली. शंभर वर्षांनी आलेली माफी उशिराची खरी, पण तिच्यामुळे दप्तरं उघडली गेली, आणि त्याचा उपयोग आपण करून घेतला पाहिजे.

मग स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत गावानं हा इंग्रजांचा स्तंभ का राखला? हा प्रश्न सातारा जिल्ह्यात तरी टाळता येत नाही. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली याच जिल्ह्यात प्रतिसरकार चाललं. कृष्णेच्या दोन्ही काठांवर इंग्रजी अंमल उखडून लोकांची न्यायदान मंडळं बसली, तुफान सेना उभी राहिली. त्याच वेळी याच जिल्ह्यातली हजारो पोरं इटलीत, ब्रह्मदेशाच्या सीमेवर, आफ्रिकेत लढत होती. एकाच घरात एक भाऊ पलटणीत आणि दुसरा भूमिगतांना भाकरी पोचवणारा, अशी स्थिती असू शकत होती आणि त्यात त्या घरच्या माउलीला काही विसंगत वाटत नसे. स्तंभ पाडला गेला नाही, कारण तोवर तो सरकारचा राहिलाच नव्हता. दगड सरकारनं दिला असेल, पण त्यामागची ४६ माणसं गावची होती, कुणाचा चुलता, कुणाचा आजा. स्वातंत्र्यानंतर चौकाचौकांतले राण्यांचे आणि लाटसाहेबांचे पुतळे हलले, ते योग्यच झालं. हा स्तंभ मात्र हलला नाही आणि तेही योग्यच झालं. मी या निर्णयाला गावाचं शहाणपण म्हणेन. मेलेल्यांच्या वाट्याला कुठलं सरकार आलं यावरून त्यांचा मान ठरवायचा नसतो, हे कुणी भाषण न करता गावाला समजलं होतं.

आणि स्तंभाचं काम वाढत गेलं. दुसऱ्या महायुद्धात गावचे चार जण कामी आले. १९६२ च्या चीन युद्धात चार, १९६५ च्या युद्धात दोन, १९७१ मध्ये एक, अशी गावची मोजदाद सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर लढल्या, मणिपुरात सांगशाकला जपान्यांना भिडल्या, इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात उतरल्या. तिथेच १० जुलै १९४४ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्यानं मशीनगनचं ठाणं घेतलं आणि ते कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथल्या मोंटोने या छोट्या इटालियन गावानं जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावानं छायाघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या मुलखातल्या एका खेड्यानं आपल्या पोराचं नाव दगडावर घेतलं, ही बातमी आपल्याकडे जितकी गाजायला हवी होती तितकी गाजली नाही.

स्वातंत्र्यानंतर गेलेल्यांचं एका बाबतीत वेगळं झालं. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झालं, तेव्हा त्याच्या त्यागचक्रातल्या भिंतींवर २५,९४२ नावं होती. हुद्दा काहीही असो, प्रत्येकाला सारखीच जागा. १९६२, १९६५, १९७१ या युद्धांत गेलेला मराठी जवान तिथं नावानं सापडतो. दिल्लीला जाणाऱ्या प्रत्येक अपशिंगेकरानं इंडिया गेटपाशी फोटो काढून न परतता चार पावलं पुढे जावं आणि आपल्या गावची नावं शोधून त्यांच्यापुढे उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

जिल्ह्याची परंपरा सांगताना एक गोष्ट वगळून चालणार नाही. १९६१ साली देशातली पहिली सैनिकी शाळा साताऱ्यात निघाली. तिचेच विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक. सातारा तालुक्यातल्या पोगरवाडीचा हा सुपुत्र १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना शहीद झाला. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची सवलत घेऊन प्रशिक्षण पूर्ण केलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. सैन्याच्या गावांचा इतिहास आपण आजवर जाणाऱ्यांचा लिहिला. मागे राहून शेत कसणाऱ्या, पेन्शनसाठी तालुक्याला हेलपाटे घालणाऱ्या, अंगठा उठवून पैसे घेणाऱ्या आणि तरीही दुसऱ्या मुलाला भरतीला पाठवणाऱ्या बायांचा लिहिलाच नाही. त्या ४६ जणांच्या मागे राहिलेल्या आया, बायका, बहिणी यांची साधी यादीसुद्धा कुठं केलेली नाही. स्तंभाच्या इतिहासातलं सर्वांत मोठं रिकामं पान हे आहे, आणि ते भरायचं तर घरोघरच्या म्हाताऱ्यांपाशी आत्ताच बसलं पाहिजे.

पहिल्या महायुद्धातल्या नावांचं काम मात्र आज हाती घेता येण्यासारखं आहे, म्हणून त्याची रीतही इथं सांगतो. युद्धसमाधी आयोगाची यादी आता संगणकावर कुणालाही पाहता येते. हिंदी सैनिकांच्या कित्येक नोंदींत नावापुढे बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. अडचण इंग्रजी स्पेलिंगची आहे. कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे एकाच गावाची चार-पाच रूपं धरून शोधावं लागतं आणि आडनावांचंही तसंच. कित्येकदा आडनाव गाळून फक्त नाव आणि बापाचं नाव लिहिलेलं असतं, तिथं गावातल्या भाटाची किंवा भाऊबंदकीच्या वंशावळीची वही कामी येते. पंजाबात लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या भरतीच्या वह्यांमधून पहिल्या महायुद्धातल्या ३,२०,००० पंजाबी सैनिकांच्या नोंदी संशोधकांनी २०२१ पासून लोकांपुढे आणायला सुरुवात केली. तिथल्या खेड्यांतली माणसं आता आपल्या पणजोबांचं नाव शोधून काढतात. साताऱ्याच्या नोंदींसाठी तेवढीच चिकाटी दाखवायला हवी.

घरात शोधण्यासारखंही पुष्कळ असतं. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. हिंदी सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवरही नाव असतं. चांदीची म्हणून कित्येक पदकं सोनाराकडे गेली, कित्येक जुन्या बाजारात विकली गेली. उरली आहेत ती देव्हाऱ्यात, कोठीच्या ट्रंकेत, फोटोच्या चौकटीमागे असतील. ती घासूनपुसून लख्ख करू नयेत, अक्षरं झिजतात. कडेवर तिरका उजेड पाडून भिंगानं वाचावीत आणि जवळून फोटो घ्यावा. ब्राँझची वाटोळी चकती सापडली तर तिच्यावरचं नाव आहे तसं, चुकीच्या स्पेलिंगसकट, उतरवून घ्यावं, कारण यादीत ते त्याच रूपात असण्याची शक्यता असते. पेन्शनच्या जुन्या वह्या आणि पलटणीचे डिस्चार्ज कागद लॅमिनेट करू नयेत. कागद त्यात कायमचा बंद होतो. दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवावेत. जुनं पत्र मोडीत असेल तर ते वाचणारी माणसं साताऱ्यात आणि पुण्यात अजून भेटतात.

प्रत्येक नावामागे दोन पुरावे जुळले, एक दप्तरातला आणि एक घरातला, तरच ते पक्कं धरावं. ऐकीव नाव घाईनं कोरून नंतर खोडणं त्या घराला जास्त लागतं. जुन्या दगडाला हात लावू नये; तो १९१४ च्या पिढीला जसा मिळाला तसा राहावा. नावांसाठी शेजारी नवा दगड बसवावा, मराठीत, देवनागरीत, बापाच्या नावासह, आणि हुद्द्याच्या क्रमानं न लावता वर्णानुक्रमे. जितकी पक्की होतील तितकीच नावं आधी कोरावीत आणि उरलेल्यांसाठी खाली जागा मोकळी ठेवावी.